साकळलेले रक्त आणि ‘बंद पडलेली हृदयक्रिया’ : एका वाक्प्रयोगाआडचा इतिहास

राजर्षी शाहू छत्रपतींचे निधन ६ मे १९२२ रोजी मुंबईत, खेतवाडीतील पन्हाळा लॉज येथे झाले. वय अवघे ४७ वर्षांचे. त्यांचे पार्थिव कोल्हापुरास आणले गेले. तेव्हापासून त्यांच्या चरित्रांच्या अखेरच्या प्रकरणात ‘हृदयविकार’ हा शब्द येतो, आणि चरित्र संपते. राजाचे कार्य काय, त्याचे विरोधक कोण, वेदोक्त प्रकरणात कोणाची बाजू कोणती, यांवर मराठीत पुष्कळ वाद झाले. या एका शब्दावर मात्र कोणी थांबत नाही. मृत्यूचे कारण हा मजकुराचा शेवट असतो, मजकुराचा विषय नसतो, असे आपण गृहीत धरलेले आहे.

आम्हांला येथे त्या शब्दापाशी थोडे थांबायचे आहे. महाराजांच्या आजाराचे नवे निदान करण्याचा आमचा हेतू नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या दवाखान्यात तपासण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. पण १९२२ चा ‘हृदयविकार’ आणि आजचा ‘हृदयविकार’ हे दोन वेगळ्या शब्दकोशांतले शब्द आहेत, आणि एकाचा अर्थ दुसऱ्यावर लादणे हे इतिहासात बसत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या काळच्या मृत्युवार्तांत, आणि पुढेही कितीतरी दशके, ‘हृदयक्रिया बंद पडून निधन’ असे छापले जात असे. वस्तुतः हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते. मग हे वाक्य सांगते काय, आणि झाकते काय?

प्रथम भाषेचाच साठा पाहू. द्रव पदार्थ घट्ट होण्याच्या क्रियेला मराठीत एकच क्रियापद नाही. पाणी गोठते, तूप थिजते, दूध विरजते, आणि रक्त साकळते. मुका मार लागला की ‘रक्त साकळले’ असे खेड्यातली म्हातारीही म्हणते. ही क्रिया आपल्या लोकांनी पाहिलेली होती, तिला नाव दिलेले होते. पण ती पाहिली कातडीखाली, जखमेच्या तोंडाशी, बाळंतपणात. छातीच्या आत, हृदयाचेच पोषण करणाऱ्या बोटभर लांबीच्या रोहिणीत रक्त साकळते आणि त्याने माणूस मरतो, ही कल्पना भाषेत नव्हती. ती आल्यावर वाईच्या विश्वकोशाला ‘हृद्‌रोहिणी’, ‘रक्तक्लथन’, ‘अंतर्क्लथन’ असे संस्कृत शब्द योजावे लागले. शब्द अचूक आहेत. पण ते ग्रंथालयात राहिले, आणि घरात ‘अ‍ॅटॅक’ आला.

ही उणीव केवळ मराठीची होती असे समजण्याचे कारण नाही. छातीत दाटून येणाऱ्या, चालताना उठणाऱ्या आणि थांबल्यावर विरणाऱ्या वेदनेचे वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ मध्ये लंडनच्या वैद्यांसमोर वाचले. ते १७७२ मध्ये छापले गेले. त्याने वेदनेला नाव दिले, मात्र तिचा संबंध हृदयाच्या रोहिण्यांशी जोडला नाही. १८५६ पर्यंत बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखोने शिरेत रक्त कसे साकळते आणि त्याचा तुकडा सुटून दूर कसा अडकतो याची मांडणी केली. म्हणजे वेदना एका ग्रंथात होती आणि गुठळी दुसऱ्या ग्रंथात. दोहोंची गाठ पडत नव्हती, कारण वैद्यांची एक पक्की समजूत होती: हृद्‌रोहिणी अकस्मात बंद झाली तर माणूस तत्काळ मरतो. तत्काळ मेलेला माणूस वैद्याच्या वाट्याला येत नाही, शवविच्छेदन करणाऱ्याच्या वाट्याला येतो. जिवंत माणसात ओळखण्याजोगा हा आजारच नव्हता.

ही समजूत मोडणारे काम १९१० मध्ये कीव्ह येथील ओब्राझ्त्सोव आणि स्त्राझेस्को यांनी, आणि १९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी केले. हेरिकच्या निबंधातला मुख्य रुग्ण ५५ वर्षांचा. बेताचे जेवण झाल्यावर तासाभराने त्याच्या छातीच्या खालच्या भागात तीव्र वेदना उठल्या, आणि दोष पोटाचाच आहे असे त्याला वाटले. त्यानंतर तो ५२ तास जगला. शवविच्छेदनात त्याच्या हृद्‌रोहिणीत गुठळी सापडली. हेरिकचे म्हणणे इतकेच होते की, रोहिणी बंद पडणे आणि माणूस मरणे यांच्यामध्ये काळ असतो. कधी तास, कधी दिवस, आणि कधी माणूस बरा होऊन उठतोही. आज हे साधे वाटते. त्या वेळी निबंधाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही, याची खंत हेरिकनेच पुढे बोलून दाखवली.

आमच्या मते या इतिहासातला कळीचा शब्द हाच आहे: काळ. ‘हृदयक्रिया बंद पडून’ या वाक्यात काळ नाही. क्रिया चालू होती, ती बंद पडली, संपले. हेरिकने त्या बिंदूचा ५२ तासांचा पट्टा केला. पट्टा झाला की त्यात काही करता येईल का, हा प्रश्न उद्भवतो. १९२२ मध्ये मुंबईत असो वा लंडनमध्ये, संस्थानिक असो वा गिरणीकामगार, वैद्याच्या हाती वेदनेसाठी मॉर्फिन, हृदयासाठी डिजिटॅलिस आणि अंथरुणावरची सक्तीची विश्रांती, एवढेच होते. रक्त साकळू न देणारा पदार्थ तेव्हा सापडलेला होता; पण तो प्रयोगशाळेच्या बाटलीत होता.

त्याचा शोधही पाहण्यासारखा आहे. १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथे जे मॅक्लीन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी रक्त साकळवणारा पदार्थ शोधत होता. त्याच्या हाती लागला नेमका उलट गुणाचा अर्क. त्याचे गुरू विल्यम हॉवेल यांनी १९१८ मध्ये यकृताच्या ग्रीक नावावरून या प्रकारच्या द्रव्याला ‘हेपारिन’ म्हटले. ते माणसाला देण्याइतके शुद्ध होईपर्यंत १९३० चे दशक उजाडले. दुसरे औषध गोठ्यातून आले. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजट गवत खाल्लेली गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी न साकळणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेच्या दाराशी आला. त्या गवतातला पदार्थ लिंक यांनी वेगळा केला. त्याचाच पुढचा भाऊ वॉर्फरिन. १९४८ मध्ये तो आधी उंदीर मारण्यासाठी बाजारात आला आणि नंतर औषध झाला. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांना ते दिले गेले.

औषध सापडणे आणि औषधाचा उपयोग सिद्ध होणे यांत मात्र मोठे अंतर आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने रेंगाळावे अशी जागा ही आहे. येथे दोन प्रकारचे कथन एकमेकांसमोर उभे राहते.

पहिले कथन लॉरेन्स क्रेव्हन या कॅलिफोर्नियातील सामान्य डॉक्टरचे. टॉन्सिल काढलेली मुले अ‍ॅस्पिरिन असलेला चघळण्याचा गोंद फार खातात तेव्हा त्यांना रक्तस्राव जास्त होतो, हे त्याने पाहिले. तर्क सरळ होता: रक्त पातळ राहते, तर हृद्‌रोहिणीतही ते साकळणार नाही. तो आपल्या पुरुष रुग्णांना अ‍ॅस्पिरिन देत गेला. १९५६ पर्यंत ही संख्या सुमारे ८,०००वर गेली, आणि त्यांपैकी एकालाही झटका आला नाही असे त्याने छापले. तर्क बरोबर होता, हे आज आपण जाणतो. पुरावा मात्र पुरावा नव्हता. अ‍ॅस्पिरिन न घेणारे तसेच ८,००० लोक शेजारी उभे नव्हते. १९५७ मध्ये क्रेव्हन स्वतः हृदयविकाराने गेला, आणि त्याचे म्हणणे विस्मृतीत गेले. एका माणसाच्या मृत्यूने ८,००० जणांची कथा खोटी ठरली, असे लोकांना वाटले असेल तर त्यात नवल नाही. खरे पाहता त्या मृत्यूने काहीच सिद्ध होत नव्हते, जसे त्या ८,००० जणांनीही होत नव्हते.

दुसरे कथन तुलनेचे. १९४६ नंतर अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पुढाकाराने अनेक रुग्णालयांत मिळून रक्त साकळू न देणाऱ्या औषधांची परीक्षा झाली. नियम असा की, विषम तारखेला दाखल झालेल्यास औषध द्यायचे, सम तारखेच्या रुग्णास नाही. नियम निःपक्ष वाटतो. पण तारीख सर्वांना ठाऊक असते. मोजणी झाली तेव्हा विषम तारखांना दाखल झालेल्यांची संख्या लक्षात येण्याइतकी जास्त निघाली. डॉक्टरांनी लबाडी केली असे नव्हे. आपल्या रुग्णाला औषध मिळावे म्हणून कोणी एक दिवस थांबले असेल, कोणी घाई केली असेल. दयेनेच तराजू झुकला. म्हणून पुढे वाटणी नशिबावर सोपवण्याची, आणि कोणाच्या वाट्याला काय आले हे झाकून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे चिठ्ठी टाकून देवाचा कौल घेतात तो मनातला संशय मिटवण्यासाठी. येथे चिठ्ठी टाकली जाते ती माणसाच्या सदिच्छेला आवर घालण्यासाठी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या सर्व काळात एक शंका वैद्यकाला पोखरत होती: गुठळी आधी की झटका आधी? अकस्मात मेलेल्यांच्या शवविच्छेदनात गुठळी पुष्कळदा सापडत नसे. काही दिवस जगून मेलेल्यांत ती अधिक वेळा सापडे. यावरून मोठमोठ्या विकृतिशास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला की गुठळी हे कारण नसून परिणाम आहे. हृदयाचा स्नायू आधी मरतो, मग मंदावलेले रक्त साकळते. कादंबरीच्या अभ्यासकाला हा पेच ओळखीचा वाटेल. दोन घटना आहेत, दोन्ही खऱ्या आहेत. त्यांचा क्रम बदलला की कथानकच बदलते. आणि या कथानकावर माणसांचे जीव अवलंबून होते. गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज १९३३ मध्ये विल्यम टिलेट यांच्या कामातून पुढे आले होते आणि १९५८ मध्ये हृदयविकाराच्या रुग्णांना देऊनही पाहिले गेले होते. पण गुठळी जर परिणाम असेल, तर ती विरघळवून काय साधणार? सिद्धान्ताने औषधाचा हात दोन दशके धरून ठेवला.

निकाल लागला तो योग्य वेळी पाहिल्यामुळे. झटका चालू असताना हृद्‌रोहिणीत नळी घालून चित्र घेणे धोक्याचे मानले जाई. अमेरिकेतील स्पोकेन या गावी मार्कस डिवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केले आणि १९८० मध्ये ३२२ रुग्णांचे निष्कर्ष छापले. वेदना सुरू झाल्यापासून पहिल्या ४ तासांत तपासलेल्यांपैकी ८७ टक्क्यांची रोहिणी पूर्ण बंद होती. १२ ते २४ तासांनी तपासलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्के. गुठळी आधी असते, आणि पुढे शरीर स्वतःच तिला काही अंशी विरघळवते. ती शोधायला सगळे उशिरा जात होते, इतकेच.

मग मार्ग मोकळा झाला. १९८६ मध्ये इटलीतील ११,८०६ रुग्णांच्या ‘जिस्सी’ परीक्षेत स्ट्रेप्टोकायनेजने २१ दिवसांतील मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. १९८८ मध्ये ‘आयसिस-२’ ही १७,१८७ रुग्णांची परीक्षा प्रसिद्ध झाली. पाच आठवड्यांत, दोन्ही औषधे न मिळालेल्यांत १३.२ टक्के दगावले. स्ट्रेप्टोकायनेज आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. क्रेव्हनची स्वस्त गोळी, तीस वर्षांनी, तुलनेच्या कसाला उतरली.

याच परीक्षेत एक मिस्किल तक्ता आहे. संपादकांना रुग्णांच्या निरनिराळ्या गटांचे वेगवेगळे निष्कर्ष हवे होते. संशोधकांनी मुद्दाम जन्मराशींनुसारही गट पाडून दाखवले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा तर नाहीच, उलट किंचित तोटा दिसला. इतर राशींना भरघोस लाभ. (या सूर्यराशी, आपल्या पंचांगातल्या चंद्रराशी नव्हेत; पण मुद्दा तोच.) सांगायचे होते ते हे की, मोठ्या संख्येचे पुरेसे तुकडे पाडले की कोणत्या ना कोणत्या तुकड्यात हवी ती गोष्ट सापडते. एखाद्या ग्रंथातले सोयीचे उतारे तोडून हवा तो अर्थ काढणाऱ्या समीक्षकांसाठीही हा तक्ता भिंतीवर लावण्याजोगा आहे.

येथवरचा इतिहास परदेशातला. त्याचा कोल्हापूरशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध काळाचाच आहे. २००८ मध्ये भारतातील ५० शहरांतील ८९ रुग्णालयांतून घेतलेल्या २०,४६८ रुग्णांची ‘क्रिएट’ ही नोंद प्रसिद्ध झाली. तीत झटक्याच्या सुरुवातीपासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम काळ ३६० मिनिटे होता. दारातून आत आल्यावर औषध सुरू होण्यास लागत ५० मिनिटे. उशीर रुग्णालयात होता त्याहून कितीतरी अधिक घरात आणि रस्त्यावर होता. तीस दिवसांत श्रीमंतांपैकी ५.५ टक्के दगावले, गरिबांपैकी ८.२ टक्के, आणि मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात घेतला की ही तफावत उरत नव्हती. गरिबाचे हृदय निराळे नव्हते. त्याच्या वाट्याला आलेले उपचार निराळे होते. वसतिगृहे उघडून शिक्षणाची वाट सर्वांना मोकळी करणाऱ्या राजाच्या गावात हा आकडा वाचताना थबकायला होते.

कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा पाहावा. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड हे पश्चिमेचे तालुके डोंगरउताराचे आणि धुवाधार पावसाचे. चंदगडहून कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर. तिथल्या माणसाला बेळगाव जवळ पडते, पण ते दुसऱ्या राज्यात आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने रस्ते दिवसेंदिवस अडवले. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. परंतु रुग्णवाहिका बोलावण्याआधी कोणाला तरी वाटावे लागते की हा तोच आजार आहे. तेथे रस्ता आडवा येत नाही, भाषा येते.

छातीत दाबल्यासारखे झाले तर आपण म्हणतो पित्त झाले, गॅस धरला, उसण भरली. रात्रीचा तांबडा रस्सा बाधला. ओवा घ्या, सोडा घ्या, सकाळ होऊ दे, मग बघू. हेरिकच्या रुग्णानेही पोटालाच दोष दिला होता, तेव्हा हा केवळ अडाणीपणा नव्हे. वेदनाच तशी फसवी असते. मधुमेहींत आणि स्त्रियांत ती कधी छातीत न उठता धाप, घाम, मळमळ एवढ्याच रूपाने येते. परंतु या फसवेगिरीला आपल्या कथनांनी साथ दिली, असे आम्हांला वाटते. कोल्हापूर ही मराठी चित्रपटाची जुनी पेठ. आपल्या चित्रपटांतला आणि रंगभूमीवरचा बाप वाईट बातमी ऐकतो, छातीवर हात ठेवतो, दोन वाक्ये बोलतो आणि कोसळतो. मुलगी पळून गेली, शेत लिलावात गेले, की हृदय थांबते. लेखकाला ही सोय मोठी होती. दुःखाला शरीर मिळाले आणि प्रवेश संपवायला कारण मिळाले. पण पिढ्यान्‌पिढ्या हे पाहिलेल्या प्रेक्षकाला हृदयविकार म्हणजे काय हे पक्के ठाऊक झाले: तो क्षणात येतो, नाट्यमय असतो, आणि त्यावर उपाय नसतो. मग जेवणानंतर तीन तास चाललेली मंद, नाट्यहीन वेदना ही हृदयाची असेल, असे त्याला का वाटावे?

‘हृदयक्रिया बंद पडून’ हा प्रयोग आता मागे पडला आहे. त्याची जागा ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ या प्रयोगाने घेतली. शास्त्र मध्यंतरी फार पुढे गेले. वाक्य मात्र जागच्या जागी फिरले. ‘झटका’ या शब्दातही काळ नाही. वीज बसावी तसा तो बसतो. साकळणे या आपल्या जुन्या क्रियापदात मात्र काळ आहे. रक्त क्षणात साकळत नाही, ते साकळत जाते, आणि साकळत असताना त्याला अडवता येते. परिभाषेच्या शोधात आपण ‘अंतर्क्लथना’पर्यंत गेलो, आणि म्हातारीच्या तोंडचा शब्द तसाच पडून राहिला. ‘छातीच्या शिरेत रक्त साकळतंय, लगेच चला’ हे वाक्य गगनबावड्यातल्या कोणत्याही घरात समजेल. शास्त्राच्या दृष्टीनेही ते चूक नाही.

कोल्हापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला राजर्षी शाहूंचे नाव आहे, आणि संस्थानकाळच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलचा वारसा असलेले छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय त्याला जोडलेले आहे. लोक त्याला सीपीआर म्हणतात. १९२२ मध्ये छत्रपतीला जे मिळू शकत नव्हते, ते आज तेथे केसपेपर काढणाऱ्या कोणालाही मागता येते. अट एकच: वेळेत पोहोचण्याची. ती अट पाळली जाण्यात डॉक्टरांचा, रस्त्यांचा, सरकारचा वाटा मोठा आहेच. पण मृत्युलेख लिहिणाऱ्यांचा, चरित्रकारांचा आणि कथाकारांचाही एक लहानसा वाटा आहे. पुढच्या वेळी आपल्यापैकी कोणी एखाद्या पात्राला हृदयविकाराने मारायला घेईल, तेव्हा त्याने त्या पात्राला मधले दोन-तीन तास द्यावेत, आणि त्या तासांत घरात कोण काय बोलले तेही लिहावे.